टिकणारे पेय आणि न टिकणारे पेय : पेल एल, शिंदी आणि धाराशिव जिल्ह्यातील चवीचा इतिहास

प्रस्तावना :

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात अन्न, वस्त्र आणि निवारा या विषयांना आता मान्यता लाभली आहे. पेयांचा, विशेषतः मादक पेयांचा विचार मात्र आपल्याकडे अजूनही दोनच अंगांनी होतो. पहिले अंग शासकीय महसुलाचे आणि दुसरे व्यसनमुक्तीचे. ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि एखाद्या पेयाची चव तशीच का आहे, ती कोणी, कोणासाठी व कोणत्या परिस्थितीत घडविली, हा प्रश्न या दोहोंच्या मध्ये हरवून जातो. चव ही व्यक्तिगत आवडीनिवडीची बाब आहे असे समजून इतिहासकार तिच्याकडे पाठ फिरवितो. वास्तविक चवीतही कर, कायदा, वाहतूक आणि सत्ता यांच्या खुणा उमटलेल्या असतात.

या निबंधाचे निमित्त तसे साधे आहे. काही वर्षांपूर्वी उजळणी वर्गासाठी पुण्यास गेलो असता तेथील प्राध्यापक मित्रांनी आग्रहाने एका लघु-मद्यनिर्मितीगृहात नेले. समोर आलेला पेला 'बेल्जियन पद्धतीच्या, भरपूर हॉप्स घातलेल्या पेल एल'चा होता. रंग जुन्या तुपासारखा पिवळा, वर बराच वेळ न मोडणारा दाट फेस. प्रथम वास आला तो संत्र्याच्या सालीचा आणि लवंगेचा. पहिला घोट जिभेवर किंचित गोड लागला आणि गिळल्यानंतर घशात जो कडूपणा उरला तो बराच वेळ गेला नाही. पाडव्याला गूळ, ओवा आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर खाल्लेल्या कडुलिंबाच्या फुलोऱ्याची आठवण झाली. सोबतच्या पत्रकावर मात्र ही चव मुळात 'इंग्रजांनी भारतासाठी' शोधून काढली, असे छापले होते. इतिहासाच्या शिक्षकाला त्या पेल्यापेक्षा त्या वाक्यानेच अधिक अस्वस्थ केले. भारतासाठी म्हणजे कोणासाठी? ज्या काळी ही कडू बीअर बोटीने मुंबईत उतरत होती, त्या काळी आमच्या धाराशिव परिसरातील माणूस काय पीत होता? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

कडू चवीचे शब्द आणि कडू चवीचे द्रव्य :

आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले आहेत. त्यांपैकी 'कटु' म्हणजे मिरी व सुंठीचा तिखटपणा, तर 'तिक्त' म्हणजे कडुलिंबाचा कडूपणा. मराठीत 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द नेमका दुसऱ्या रसाकडे गेला. म्हणजे चवीचे शब्दही काळाच्या ओघात आपली जागा बदलतात. रस सहा असले तरी कडू रसाला आपल्या परंपरेत औषधाचे स्थान आहे, उत्सवी पेयाचे नाही. बीअरमधील कडूपणा आपल्याला प्रथम परका वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

बीअरमध्ये हा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या मादी फुलोऱ्यातून येतो. हा फुलोरा मोड आणून वाळविलेल्या जवाच्या, म्हणजे माल्टच्या, काढ्यात उकळला की त्यातील राळेसारख्या आम्लांचे रूपांतर कडू आणि विद्राव्य द्रव्यांत होते. ही द्रव्ये पेय आंबविणाऱ्या कित्येक जिवाणूंची वाढ रोखतात. म्हणजे हॉप्स चवीचे द्रव्य आहे तसेच ते टिकविण्याचेही साधन आहे. मध्ययुगीन युरोपात बीअरमध्ये निरनिराळ्या रानटी वनस्पतींचे मिश्रण घालीत असत. बाराव्या शतकात जर्मनीतील मठाध्यक्षा हिल्डेगार्ड यांनी हॉप्सच्या टिकविण्याच्या गुणाची नोंद केली. पंधराव्या शतकात नेदरलँड्स-फ्लँडर्सकडून हॉप्सची बीअर इंग्लंडमध्ये स्थिरावली. तोवर इंग्लंडमध्ये 'एल' म्हणजे हॉप्सविरहित पेय आणि 'बीअर' म्हणजे हॉप्सयुक्त पेय असा भेद होता. जे पेय अधिक टिकते ते दूर पाठविता येते, आणि जे दूर पाठविता येते त्याचा मोठा व्यापार होतो. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या साध्या वस्तुस्थितीत आहे.

नावातील 'इंडिया' :

पेल एल म्हणजे फिकट रंगाची एल. लाकडाच्या धुरावर भाजलेला माल्ट काळपट होई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोक वापरून माल्ट वाळविण्याची रीत रूढ होऊ लागली तेव्हा फिकट माल्ट हाती आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्व भागातील बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या मद्यनिर्मितीगृहाची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान खरेदी करीत. गोदी जवळ होती आणि हॉजसन दीर्घ मुदतीची उधारी देत, ही त्यामागील व्यावहारिक कारणे होत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ही पिंपे मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे उतरत. भरपूर हॉप्समुळे ती प्रवासात टिकत आणि उष्णतेत मुरतही.

१८२० च्या दशकात हॉजसन घराण्याने कप्तानांना बाजूला सारून सर्व नफा स्वतःकडे घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीच्या संचालकांपैकी कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉप यांना तशीच बीअर बनविण्यास सुचविले. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्सममुळे जड होते. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा अधिक स्वच्छ उतरला. बर्टनने थोड्याच वर्षांत लंडनवर मात केली आणि 'इंडिया पेल एल' हे नाव वृत्तपत्रांच्या जाहिरातींतून रूढ झाले.

हॉजसन यांनी भारतासाठी एक नवी बीअर 'शोधून काढली' ही कथा अलीकडील अभ्यासकांनी फारशी ग्राह्य मानलेली नाही. तशा प्रकारच्या मुरविलेल्या फिकट बीअर इंग्लंडमध्ये आधीच होत्या. शिवाय कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे पेय मुख्यतः काळी पोर्टर आणि येथील अरक हे होते. पेल एल ही अधिकारी व व्यापारी वर्गाच्या जेवणाच्या मेजावरची वस्तू होती. म्हणून त्या नावातील 'इंडिया' हा शब्द पिणाऱ्याच्या देशाचा निदर्शक नसून माल पोहोचविण्याच्या पत्त्याचा निदर्शक आहे. पिंपावर जसे बंदराचे नाव लिहावे तसा हा शब्द बाटलीवर आला.

आमच्या जिल्ह्याचा या काळाशी थेट संबंध येतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. तो १८६० मध्ये परत करण्यात आला. १८५३ ते १८५७ या काळात फिलिप मेडोज टेलर हे नळदुर्गचा कारभार पाहत होते. तुळजापूरच्या परिसरावर आधारित 'तारा' ही त्यांची कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तर त्यांचे आत्मचरित्र १८७७ मध्ये. बर्टनच्या पेल एलचा भारतातील व्यापार भरात होता तो याच दशकांत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि विलायती माल नळदुर्गपासून एका दिवसाच्या अंतरावर येऊन ठेपला. परंतु रेल्वेने जे जवळ आले ते सर्वांना जवळ आले नाही.

दूरदेशीचे मद्य जिल्ह्याच्या व्यापारी वाटेशी जोडले जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याचा निर्देश असून राजासाठी आणल्या जाणाऱ्या वस्तूंत उत्कृष्ट मद्यही आहे. कापड सामान्य विणकराचे जात होते आणि मद्य राजासाठी येत होते. अठराशे वर्षांनंतरही व्यवहाराची दिशा फारशी बदलली नाही.

धान्यापासून मद्य करण्याची कला इंग्रजांनी येथे आणली, हाही समज दूर करावयास हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी मेदक तांदळापासून आणि प्रसन्ना पिठापासून, 'किण्व' घालून करीत. आज आपण यीस्टला किण्व म्हणतो, तो शब्द इतका जुना आहे. जिल्ह्याच्या सीमेलगतच्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये मदिरापानक्रीडाही गणली आहे. आपल्याकडे मद्य होते, किण्व होते, रसिकताही होती. पेय सहा महिने टिकविणारी हॉपची वेल तेवढी नव्हती.

बेल्जियमचे उदाहरण :

त्या पेल्यातील लवंगेचा व फळांचा गंध हॉप्सचा नव्हता. तो बेल्जियन यीस्टचा होता. बेल्जियमची पेल एल हीसुद्धा परक्या मालाला दिलेल्या उत्तरातून जन्मली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लिश एल आणि जर्मन लागर बीअरने बेल्जियमची बाजारपेठ व्यापली असता देशी बीअर सुधारण्यासाठी १९०४ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. तिच्यातून 'स्पेसियाल बेल्ज' हा तांबूस-पिवळ्या एलचा प्रकार पुढे आला. १९१९ मध्ये वांडरवेल्डे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने सार्वजनिक मद्यगृहांत तीव्र मद्याच्या विक्रीस बंदी केली. कष्टकऱ्यांना जिनपासून दूर ठेवणे हा हेतू होता. ग्राहक बीअरकडे वळला आणि अधिक तीव्र बीअर बनविण्यास उत्तेजन मिळाले. तो कायदा १९८३ पर्यंत टिकला. ओर्व्हाल येथील ख्रिस्ती मठात १९३१ मध्ये सुरू झालेल्या मद्यनिर्मितीगृहाने हॉप्सचा सुगंध आणि रानटी यीस्ट यांचा मेळ घातला. पुढे अमेरिकेत १९७० नंतर संत्रावर्गीय सुगंधाच्या हॉप्सच्या नव्या जाती आल्या आणि त्यांचा प्रभाव उलट बेल्जियमवर पडला. २००६ मध्ये आलेली 'हूब्लाँ शूफ' ही बीअर या संगमाचे ठळक उदाहरण होय. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बीअर-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या हकिकतीचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा, की कायद्याने चव बदलली. आयात आणि निर्बंध यांच्या कैचीत सापडलेल्या एका लहान देशाने आपल्या पेयाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडील पेयाचे असे काही का झाले नाही?

शिंदी : न टिकणारे पेय :

मराठवाड्यात सामान्य माणसाचे पेय म्हणजे शिंदी आणि मोहाची दारू. ओढ्या-नाल्यांच्या काठी वाढणाऱ्या शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्री मडके बांधायचे. पहाटे उतरविलेला रस गोड असतो, तो नीरा. हवेतील व मडक्यातील नैसर्गिक किण्वामुळे तो काही तासांतच फसफसतो, दुपारपर्यंत शिंदी होतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होऊन टाकाऊ ठरतो. तिची चव सकाळी एक, दुपारी दुसरी आणि संध्याकाळी तिसरी. ती पिंपात भरून सहा महिने समुद्रावर पाठविणे तर सोडाच, शेजारच्या तालुक्यात पाठविणेही कठीण. पेल एल टिकत असे म्हणून तिचा व्यापार झाला. शिंदी टिकत नसे म्हणून ती गावातच राहिली आणि तिच्या वाट्याला फक्त कर आला.

न टिकणाऱ्या पेयावर कर बसवायचा तर तो पेयाच्या उगमापाशीच बसवावा लागतो. शासनाने म्हणूनच झाडाकडे लक्ष वळविले. इंग्रजी मुलुखात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व ताडी-माडी काढणे परवान्याखाली आणले. निजामी राज्यात अबकारी हे जमीन महसुलाखालोखाल मोठ्या उत्पन्नाचे साधन बनले आणि १३१६ फसली, म्हणजे सुमारे १९०७ मध्ये हैदराबादचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला. विक्रीच्या हक्काचा लिलाव होई. सर्वाधिक बोली लावणारा तो गुत्तेदार. 'गुत्ता' म्हणजे मक्ता. आज मराठीत 'दारूचा गुत्ता' म्हटले की दुकान डोळ्यांसमोर येते, मक्ता नव्हे. लिलावाची ती पद्धत गेली, पण शब्दाच्या पोटात ती अद्याप शिल्लक आहे. आमच्या भागात रस्त्याच्या वा पुलाच्या कामाचा ठेकेदारही गुत्तेदारच म्हणविला जातो, हे मराठवाड्याबाहेरील वाचकांसाठी नमूद करावेसे वाटते.

या व्यवस्थेत गुत्तेदाराला एकच गोष्ट हितावह होती : ठरलेल्या मुदतीत जास्तीत जास्त विक्री. पेय सुधारण्यात, त्याची चव घडविण्यात किंवा ते टिकविण्यात गुंतवणूक करावी असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. पुढच्या लिलावात हक्क दुसऱ्याकडे जाणार होता. बर्टनच्या कारखानदाराला नाव टिकवायचे होते, येथील गुत्तेदाराला हप्ता भरायचा होता. बेल्जियमच्या उदाहरणावरून वर जो प्रश्न विचारला त्याचे एक उत्तर येथे मिळते.

झाडावरची कुऱ्हाड :

शिंदीचे झाड हे शासनाच्या उत्पन्नाचे दृश्य चिन्ह झाले होते, म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते लक्ष्य ठरले. ऑगस्ट १९४७ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात जंगल सत्याग्रह, करोडगिरीच्या नाक्यांवरील हल्ले आणि शिंदीच्या झाडांची तोड हे कार्यक्रम राबविले गेले. सोलापूर, बार्शीकडील सीमेवर कार्यकर्त्यांची शिबिरे होती आणि धाराशिव जिल्हा त्या सीमेलाच लागून होता. गांधीप्रणीत मद्यनिषेध आणि निजामाची तिजोरी रिकामी करण्याचा डाव, हे दोन हेतू एकाच कुऱ्हाडीत एकवटले. पाठ्यपुस्तकांत ही घटना एका ओळीत येते. त्या ओळीत झाड येते, निजाम येतो, सत्याग्रही येतो. मडके बांधणारा, संध्याकाळी ते पिणारा आणि त्या पिण्याने जिचा संसार मोडला ती बाई, हे तिघेही येत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील खरी उणीव ही आहे.

दारूबंदी, पाणी आणि नवा पेला :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये या भागालाही लागू झाला. पुढे बंदी शिथिल झाली तरी राज्यातील मद्यव्यवहार आजही दारूबंदीचे नाव धारण करणाऱ्या अधिनियमाखालीच चालतो. दुसरीकडे गावोगावच्या स्त्रिया मतदानाने 'बाटली आडवी' करण्याचा हक्क बजावतात. आपल्या इतिहासातील हा दुहेरीपणा ध्यानात घेण्याजोगा आहे.

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक परिसरात मोठे बीअर कारखाने उभे राहिले आणि मराठवाडा बीअर उत्पादनाचे केंद्र बनला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागत असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाणीपुरवठ्यात टप्प्याटप्प्याने मोठी कपात करण्याचा आदेश दिला. बर्टनमध्ये पाण्याने बीअरची चव ठरविली होती, मराठवाड्यात पाण्याने बीअरच्या औचित्याचा प्रश्न उभा केला.

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'डूलाली'पासून महाराष्ट्रात लघु-मद्यनिर्मितीगृहांची लाट आली. हे नाव मूळचे नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळून वेड्यासारखे वागणाऱ्या गोऱ्या शिपायांमुळे ते इंग्रजी बोलीत 'वेडा' या अर्थाने शिरले आणि शंभराहून अधिक वर्षांनी बीअरच्या पेल्यावर बसून परत आले. 'इंडिया' हे नाव पिंपावरून गेले, 'देवळाली' शिपायाच्या तोंडून गेली. दोन्ही परत आली ती परक्या उच्चारासह.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पेल एलच्या कडूपणाचा संबंध मुळात टिकाऊपणाशी आणि लांबच्या वाहतुकीशी आहे. बोटीचा प्रवास आता उरला नाही, तरी त्याची खूण चवीच्या रूपाने उरली आहे.

२. तिच्या नावातील 'इंडिया' हा वसाहतीच्या बाजारपेठेचा पत्ता होता. 'भारतासाठी घडविलेली बीअर' हे विधान त्या मर्यादेतच खरे आहे.

३. शिंदीसारख्या न टिकणाऱ्या पेयाला व्यापाराची प्रतिष्ठा मिळाली नाही. लिलाव व गुत्ता यांवर आधारलेल्या करपद्धतीने त्याच्या विकासाची शक्यता आणखी खुंटविली.

४. कायदा चव बदलतो, हे बेल्जियमच्या १९१९ च्या उदाहरणावरून दिसते. आपल्याकडील अबकारी व दारूबंदी कायद्यांचा अभ्यासही या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

मद्याचा इतिहास लिहिणे म्हणजे मद्याची तरफदारी नव्हे. ज्या जिल्ह्यात व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक गावात दाखविता येतात, तेथील शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागू नये. परंतु निषेध करण्यासाठीही वस्तूची पूर्ण ओळख असावी लागते. पुण्यातील त्या पेल्यातील कडूपणाला नाव आहे, गाव आहे, कारखानदाराचा आणि जहाजाचा इतिहास आहे. आपल्या ओढ्याकाठच्या शिंदीला इतिहासात केवळ महसुलाची एक बाब आणि कुऱ्हाडीचा एक घाव एवढेच स्थान आहे. ती पाहिलेली आणि ती तोडली गेलेली पाहिलेली पिढी आता थकली आहे. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मौखिक साक्षी नोंदवून घेतल्यास ही उणीव काही अंशी तरी भरून निघेल. हे काम या पिढीच्या हयातीतच व्हावयास हवे.